तुरुंगाची शेरेवही : अभ्यागत मंडळाचा इतिहास

१८९४ चा कारागृह अधिनियम वाचायला रुक्ष आहे. कैद्यांची वर्गवारी, काम, शिक्षा, बेड्या अशी त्याची कलमे एकामागून एक येतात. कलम १२ मध्ये अधीक्षकाने कोणकोणत्या वह्या ठेवायच्या याची यादी आहे : दाखल होणाऱ्या कैद्यांची, सुटकेच्या तारखांची, दिलेल्या शिक्षांची, कैद्यांकडून जमा करून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची. त्याच यादीत चौथ्या क्रमांकावर आणखी एक वही आहे. तुरुंगाला भेट देणाऱ्या अभ्यागतांनी तिथल्या कारभाराबद्दलचे आपले शेरे त्या वहीत लिहायचे. कलम ५९ ने असे अभ्यागत नेमण्याचे आणि त्यांच्या कामाचे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. अभ्यागत मंडळ या संस्थेचा जन्मदाखला मागितला तर ही दोन कलमे दाखवावी लागतील.

शेरा लिहायची सोय अशी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या शेऱ्याला उत्तर कोणी द्यायचे आणि किती दिवसांत द्यायचे, याबद्दल मात्र अधिनियमाने काही सांगितले नाही. ते नियमांवर आणि पुढे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिले. या स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास मांडताना जुने अहवाल आणि निकालपत्रे पुन्हा वाचली, तेव्हा हीच गोष्ट सतत समोर आली. मंडळ नेमले गेले की नाही, बैठका झाल्या की नाही, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण संस्थेची खरी प्रकृती कळते ती लिहिलेल्या शेऱ्याचे पुढे काय झाले यावरून.

कंपनी सरकारपासून कार्ड्यू समितीपर्यंत

तुरुंगांची पहिली मोठी चौकशी मेकॉलेच्या पुढाकाराने झाली. १८३६ मध्ये नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला. तिचा सगळा भर कडक शिस्तीवर होता. कैद्याचे मन वळवणे, त्याला शिकवणे हे त्या समितीला पटणारे नव्हते. तुरुंगांवर नजर ठेवायला स्वतंत्र अधिकारी हवा, हे मात्र हळूहळू मान्य झाले आणि १८४४ मध्ये वायव्य प्रांतात पहिला तुरुंग महानिरीक्षक नेमला गेला. पुढे इतर प्रांतांनीही तीच वाट धरली. ही सगळी देखरेख खात्याची खात्यावर होती. बाहेरच्या माणसाला तीत जागा नव्हती.

१८९४ च्या कायद्याने ती जागा दिली, तीही सरकारच्या हातून. अभ्यागत दोन प्रकारचे झाले. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, आरोग्य, बांधकाम, शिक्षण या खात्यांचे अधिकारी यांसारखे पदसिद्ध अभ्यागत एका बाजूला. सरकारने नामनिर्देशित केलेले प्रतिष्ठित नागरिक, म्हणजे अशासकीय अभ्यागत, दुसऱ्या बाजूला. त्या काळात प्रतिष्ठित नागरिक म्हणजे कोण, हे सांगायला नको. सरकारदरबारी ज्यांची ऊठबस, त्यांचीच नावे पुढे जात. तरीही १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीला ही पद्धत मोलाची वाटली. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने परदेशांतले तुरुंग पाहिले, अंदमान पाहिले, आणि शिक्षेचा हेतू कैद्याची सुधारणा हा असला पाहिजे, असे स्पष्टपणे मांडले. बाहेरच्या नागरिकांना तुरुंगाच्या प्रश्नांची जाण येते, हा अभ्यागत पद्धतीचा फायदा तिने नोंदवला.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत तुरुंगाची सर्वांत बोलकी साक्ष कैद्यांनीच दिली. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध ६३ दिवस उपोषण करून जतींद्रनाथ दास यांनी प्राण सोडले, तेव्हा तुरुंगातले अन्न आणि कैद्यांची वर्गवारी हा देशभर चर्चेचा विषय झाला. आपल्याकडे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. मराठी वाचकाच्या मनातला तुरुंग पुष्कळसा अशा पुस्तकांतून घडला आहे. त्या तुरुंगात देशभक्त आहेत, चिंतन आहे, चक्की आहे. शेजारच्या बराकीतला पाकीटमार, जामिनाला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षे अडकलेला कच्चा कैदी त्या पुस्तकांत ओझरता येतो. त्याने स्वतः पुस्तक लिहिले नाही. त्याच्यासाठी कोणीतरी बाहेरून यायला हवे होते, आणि ज्यांनी यायचे ते अभ्यागत मंडळ स्वातंत्र्यानंतरही कागदावर राहिले.

आणीबाणीने ही परिस्थिती थोडी हलवली. १९७५ ते १९७७ या काळात कार्यकर्ते, प्राध्यापक, पत्रकार, लेखक येरवडा, नाशिक रोड, आर्थर रोडसारख्या तुरुंगांत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्यापाशी राजकारणाच्या गोष्टी होत्या, तशाच संडासाच्या, औषधाच्या आणि वॉर्डरच्या दंडुक्याच्याही होत्या. पुढच्या काही वर्षांत न्यायालयांनी तुरुंगाकडे जे लक्ष दिले, त्याला या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

तिहारमधले पत्र आणि दोन वकील

सुनील बत्रा हा तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी. दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने अमानुष मारहाण केली, असे पत्र त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. डॉ. य. शं. चितळे या ज्येष्ठ मराठी वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमले आणि त्यांना व त्यांचे सहकारी मुकुल मुद्गल यांना तुरुंगात जाण्याचा, कैद्याला भेटण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा आणि साक्षीदारांशी बोलण्याचा अधिकार दिला.

या चार अधिकारांकडे नीट पाहिले पाहिजे, कारण अभ्यागताचे सगळे काम त्यांत आले. जखमेबद्दल तुरुंगाकडून मूळव्याधीसारखे खुलासे पुढे आले होते. नुसती कागदपत्रे पाहणाऱ्याला ते पटलेही असते. दोघे वकील जखमी कैद्याला भेटले, कागद तपासले आणि गुदद्वारात दंडुका घुसवून छळ झाला, असा निष्कर्ष न्यायालयापुढे ठेवला. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तुरुंगाच्या भिंतीआडही राज्यघटना लागू असते, हे ठासून सांगितले आणि काही आदेश दिले. तीन महिन्यांत प्रत्येक तुरुंगात तक्रारपेट्या बसवायच्या. त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली उघडायच्या. या दोघांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तुरुंगांना भेटी द्यायच्या. नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी गोपनीय भेटी घेऊ द्यायच्या.

तक्रारपेटीचा पुढचा प्रवास शिकण्यासारखा आहे. पेटी तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीसमोर टांगली, तर तिच्यात चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळात तिहारच्या प्रमुख होत्या. त्यांनी ही पेटी फिरती केली. ती बराकीबराकींतून फिरू लागली. आदेश तोच राहिला, पेटीची जागा बदलली. देखरेखीच्या कामात अशा लहान बदलांवरच पुष्कळ काही ठरते.

मुंबई, मे १९८२

महाराष्ट्रात या कामाला दिशा दिली ती पत्रकार शीला बारसे यांनी. ११ ते १७ मे १९८२ या दिवसांत त्यांनी परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी हे सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन महिलांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितले. मारहाणीची तक्रार तर होतीच. शिवाय वकिलाची मदत मिळत नाही, आणि मिळते तिथेही फसवणूक होते, हे त्यांच्या अहवालातून पुढे आले. दोन परदेशी कैदी स्त्रियांनी आपल्याच वकिलाविरुद्ध तक्रार केली होती.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालातले आदेश आजही मंडळाच्या प्रत्येक नव्या सदस्याने वाचावेत. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या आणि त्यांवर महिला पोलिसांचा पहारा. अटक झालेल्याचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक पोलीस कोठडीत चिकटवायचे, आणि आणलेल्या माणसाला समजेल त्या भाषेत वाचून दाखवायचे. शहरातल्या सत्र न्यायाधीशाने कोठड्यांना न सांगता भेटी द्यायच्या. जिल्हा विधी साहाय्य समितीने निवडलेल्या वकिलांनी पंधरवड्यातून किमान एकदा तुरुंगात जायचे आणि कैद्यांना त्यांचे हक्क मिळतात की नाही, पॅरोल आणि फर्लोचे अर्ज करता येतात की नाही, हे पाहायचे. पंधरवड्यातून एकदा, हा हिशेब आपल्याकडे तेव्हापासून आहे.

तिहार आणि मुंबई या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी होती. त्या तुरुंगांसाठी अभ्यागतांची तरतूद कायद्यात होतीच. छळ उघडकीस आणला तो कैद्याच्या पत्राने, पत्रकाराच्या मुलाखतींनी आणि न्यायालयाने ऐनवेळी पाठवलेल्या वकील-प्राध्यापकांनी. नेमलेल्या मंडळाला जे दिसायला हवे होते, ते न नेमलेल्यांना दिसले. आपल्या संस्थेच्या इतिहासात ही नोंद अभिमानाची नाही, पण ती ठेवली पाहिजे.

मंडळात कोण असावे

१९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने तुरुंगांचा सर्वांगीण आढावा घेतला. तुरुंग जनतेच्या आणि वृत्तपत्रांच्या नजरेला खुले व्हावेत, असा तिचा आग्रह होता. १९८८ मध्ये संजय सुरी विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या घडणीबद्दलच मार्गदर्शन केले. मंडळात समाजाच्या सर्व थरांतली माणसे असावीत : सामाजिक कार्यकर्ते, वृत्तपत्रांशी संबंधित लोक, महिला कार्यकर्त्या, कायदेतज्ज्ञ, निवृत्त न्यायिक आणि प्रशासकीय अधिकारी. सत्र न्यायाधीशाची भेट उपचारापुरती नसावी, असेही न्यायालयाने बजावले.

१९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प मुंबईच्या तुरुंगात उभा राहिला. त्याचे काम देखरेखीचे नव्हते. कैदी आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणे, हे होते. पण रोज आत जाणारा समाजकार्यकर्ता तुरुंगाला नवा राहत नाही आणि तुरुंगही त्याच्यापासून फार काही लपवू शकत नाही, हे त्या अनुभवाने दाखवले. १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत आयोगाला द्यायची, हा आदेश त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. सुरुवातीला आयोगाला तुरुंगाला भेट द्यायची तर राज्य सरकारला आधी कळवावे लागे. २००६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. आधी कळवून झालेली पाहणी आणि न कळवता झालेली पाहणी यांतला फरक संसदेनेही मान्य केला, असा याचा अर्थ. त्याच वर्षी फौजदारी प्रक्रिया संहितेतली आणखी एक दुरुस्ती लागू झाली आणि कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे आली.

विलायतेतले भाऊबंद

आपली पद्धत ज्या मुळातून आली, तिथे पुढे काय झाले तेही पाहावे. इंग्लंडमध्ये १८७७ च्या कायद्याने स्थानिक तुरुंग सरकारच्या ताब्यात गेले आणि त्यांच्यासाठी अभ्यागत समित्या आल्या. पुढे त्यांची अभ्यागत मंडळे झाली. या मंडळांना एक विचित्र अधिकार होता : कैद्याने शिस्त मोडली, तर त्याला शिक्षाही तीच ठोठावत. ज्याच्याकडे गाऱ्हाणे सांगायचे, तोच शिक्षा देणार, तर कैदी त्याच्याशी मोकळेपणाने कसा बोलेल? १ एप्रिल १९९० रोजी मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात कैद्यांनी उठाव केला. तो २५ दिवस चालला. त्यानंतरच्या लॉर्ड वुल्फ यांच्या १९९१ च्या अहवालाने तुरुंगांच्या साऱ्या कारभाराची झाडाझडती घेतली आणि १९९२ मध्ये मंडळांचा शिक्षेचा अधिकार गेला. २००३ मध्ये त्यांचे नावही बदलून स्वतंत्र देखरेख मंडळ असे झाले. या मंडळांचे सदस्य बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यांच्याकडे तुरुंगाच्या किल्ल्या असतात, ते कोणत्याही वेळी कुठेही जाऊ शकतात, आणि प्रत्येक तुरुंगाचा त्यांचा वार्षिक अहवाल जाहीर होतो.

त्या पद्धतीतही उणिवा आहेत. अहवाल वाचूनही सरकार हलत नाही, ही तक्रार तिथेही ऐकू येते. पण अहवाल छापला जातो. आपल्याकडचा शेरा वहीतच राहतो आणि वही तुरुंगातच राहते.

भेट : काय पाहायचे, कसे पाहायचे

मोठ्या दरवाजातल्या दिंडी दरवाजातून वाकून आत गेले की मोबाइल जमा होतो, नाव लिहिले जाते, आणि साहेबांच्या खोलीत चहा येतो. नव्या सदस्यांची निम्मी भेट इथेच संपते. मग एक ठरलेला फेरफटका असतो : नुकतीच चुना मारलेली बराक, ग्रंथालय, कारखाना, आणि शेवटी स्वयंपाकघरात वाटीभर वरणाची चव. वरण चांगले असते, ते दाखवण्यासाठीच असते.

जुन्या सदस्यांनी हळूहळू आपली रीत बसवली. आधी आजची गिनती विचारायची आणि तुरुंगाची मंजूर क्षमता. आर्थर रोडची मंजूर क्षमता अनेक वर्षे ८०४ होती आणि आत तीन हजारांवर माणसे राहिल्याचेही प्रसंग आले. आकडे कळले की पाहायच्या गोष्टी आपोआप ठरतात. आदर्श कारागृह नियमपुस्तिकेनुसार बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा हवी. संडास रात्री दहा जणांमागे एक आणि दिवसा सहा जणांमागे एक. मग शेवटच्या बराकीत जायचे, पहिल्या नव्हे. माणसे मोजायची, संडास मोजायचे, त्यांतले चालू किती ते दार उघडून पाहायचे. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ राहते, ते विचारायचे. आज न्यायालयात किती जणांची तारीख होती आणि किती जण प्रत्यक्ष गेले, हे विचारायचे. पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून तारीख बुडालेला कच्चा कैदी प्रत्येक तुरुंगात भेटतो. दवाखान्याच्या वहीत रात्री कोणाला तपासले, ते बघायचे.

बोलण्याचीही रीत आहे. एखाद्याला एकटे बाजूला घेऊन बोलले, तर तो उघडा पडतो. आपण बाहेर पडल्यावर त्याला आतच राहायचे असते. बराकीतल्या सगळ्यांशी, वॉर्डर ऐकू शकणार नाही इतक्या अंतरावर, दोन-दोन मिनिटे बोलले, तर कोण काय म्हणाले याचा माग लागत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत बाहेरच्या निरीक्षकांना न कळवता भेट देण्याचा, कुठला तुरुंग पाहायचा ते स्वतः ठरवण्याचा आणि खासगीत बोलण्याचा अधिकार सांगितला आहे. तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये, हेही सांगितले आहे. नियम जिनिव्हाचे वाटले, तरी बराकीतला प्रश्न तोच आहे.

मग शेरा. ‘तुरुंगात स्वच्छता समाधानकारक आढळली, जेवण रुचकर होते’ हा शेरा कुठल्याही वहीत, कुठल्याही वर्षी खपून जातो. त्याला उत्तर द्यायची कोणालाच गरज नसते. ‘बराक क्रमांक चार, माणसे ९२, रात्रीचे संडास दोन, त्यांतला एक तुंबलेला, पाणी सकाळी दोन तास’ असा शेरा लिहिला, तर त्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. पुढच्या भेटीला तीच बराक, तोच संडास पाहता येतो. ज्या शेऱ्याची फेरतपासणी होऊ शकत नाही, तो लिहून उपयोग नाही.

चांगले अधीक्षक अशा शेऱ्याची वाट पाहतात, हेही सांगितले पाहिजे. गळणाऱ्या छताबद्दल त्यांनी बांधकाम खात्याला लिहिलेली पत्रे फायलीत पडून असतात. न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या मंडळाचा शेरा जोडला की त्या फायलीला पाय फुटतात. तुरुंगात कर्मचारीही कमी आहेत आणि त्यांची ड्युटीही त्याच हवेत, त्याच गर्दीत होते.

भायखळा, जून २०१७

जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका शिक्षा झालेल्या महिला कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. चांगल्या वागणुकीमुळे तिच्यावर बराकीची जबाबदारी सोपवलेली होती. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, यावरून वाद सुरू झाला, असा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी इतर महिला कैदी छतावर चढल्या आणि त्यांच्या ओरडण्याने बातमी बाहेर गेली. तुरुंगाच्या सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

दोन अंडी, पाच पाव. सकाळचे वाटप कोण मोजते, कमी भरले तर जाब कोणाला विचारतात, कैद्यावर सोपवलेली जबाबदारी कुठे संपते आणि कर्मचाऱ्याची कुठे सुरू होते, या गोष्टी सकाळी सात वाजता तिथे उभ्या राहिलेल्या अभ्यागताला दिसतात. दुपारी चहाला आलेल्याला दिसत नाहीत. त्या घटनेनंतर भेटीची वेळ हा प्रश्न अनेक सदस्य गंभीरपणे घेऊ लागले.

न्यायालयाचा रेटा

१३ जून २०१३ रोजी माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी देशातल्या १३८२ तुरुंगांमधल्या अमानवी परिस्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्याचीही याचिका झाली. २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात तुरुंगांमध्ये सीसीटीव्ही आणि न कळवता भेटी देणारे अशासकीय अभ्यागत, यांबद्दल न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने अशासकीय सदस्य असलेल्या अभ्यागत मंडळाचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले, आणि पुढच्या वर्षी न्यायमूर्ती अमिताव रॉय यांची समिती नेमली गेली. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले ते चित्र निराशाजनक होते : बऱ्याच ठिकाणी मंडळे नेमलेलीच नव्हती, नेमलेली होती तिथे बैठका होत नव्हत्या.

गर्दी मात्र वाढतच होती. ३१ डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या १,३३० तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसे होती. शंभर जागांमागे १३१ माणसे. त्यांपैकी चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे लोक. करोनाच्या काळात तुरुंगातल्या मुलाकती बंद झाल्या, बाहेरच्यांचे येणे थांबले. गर्दी सर्वांत धोकादायक झाली त्याच महिन्यांत ती पाहणारे कमी झाले.

३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आपल्या संस्थेसाठी नवे पर्व ठरू शकतो. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांमधल्या जातीवर आधारलेल्या कामाच्या वाटपावर २०२० मध्ये लेखन केले आणि पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी झाडू मारायचा हे जातीवर ठरवणारे नियम घटनाबाह्य ठरवले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित पाहणी करायची, संयुक्त अहवाल राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा, तिथून तो राष्ट्रीय प्राधिकरणाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचा, असा मार्गही निकालाने आखून दिला. मंडळाचा शेरा तुरुंगाच्या वहीतून बाहेर पडून न्यायालयापर्यंत पोचण्याची अशी ठरलेली वाट क्वचितच कोणी आखून दिली असेल.

यापुढे

ही वाट एका विषयापुरती आहे; तिचा उपयोग सगळ्या विषयांसाठी करून घेणे आता आपल्या हातात आहे. १८९४ च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कायदा राज्यांकडे पाठवला आहे. नवे नियम होतील, तेव्हा मंडळाने तीन गोष्टींचा पाठपुरावा केला पाहिजे. प्रत्येक शेऱ्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. मंडळाचा वार्षिक अहवाल, कैद्यांची ओळख उघड न करता, जाहीर व्हावा. आणि अशासकीय सदस्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागा मुदत संपण्याआधीच भरल्या जाव्यात, म्हणजे मंडळ महिनोन्महिने अर्धे राहणार नाही.

या स्मरणिकेच्या पानांत ज्यांची नावे नाहीत, अशा अनेकांनी हे काम केले आहे : सुटीच्या दिवशी एसटीने तालुक्याच्या दुय्यम कारागृहात जाणारे शिक्षक, बिनफीची वकीलपत्रे घेणारे तरुण वकील, महिला बराकीत लहान मुलांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर, आणि शेऱ्याला मुद्देसूद उत्तर देणारे थोडे पण मोलाचे अधीक्षक. त्यांचे आभार. नव्या सदस्यांना एवढेच सांगणे : पहिल्या भेटीआधी मंडळाच्या मागच्या दोन वर्षांच्या बैठकांचे इतिवृत्त मागवा. त्यातल्या ज्या मुद्द्यांना उत्तर मिळालेले नाही, त्यांची यादी करा, आणि पुढच्या बैठकीची कामे तिथूनच सुरू करा.